मी न वाचलेला तिसरा परिच्छेद

हे मी आजवर कोणापाशी उच्चारलेले नाही — पत्नीपाशीही नाही. तुम्हांला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आदराने नमस्कार केला असता, आणि तो मी स्वीकारलाही असता.

मुलुंडला एका सरकारी कचेरीबाहेर गेली सव्वीस वर्षे मी अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझ्या भाषेपुढे वकीलही दबकतात, अशी माझी समजूत आहे. बिरूचीही होती. बिरू माणदेशातला मेंढपाळ. मानखुर्दकडच्या बाजारात मेंढरे विकायला यायचा आणि विकून झाली की माझ्या टेबलाशी. चराईचे पास, लांडग्याने मारलेल्या मेंढरांची भरपाई, मेंढपाळांना झालेली मारहाण — त्याच्या लोकांचे सारे अर्ज माझ्या हातचे. उत्तरे येऊ लागली. बिरू पुढारी झाला. मी त्याचे अर्ज लिहीत होतो, की त्यालाच घडवत होतो? मला तर घडवतोच आहे, असे वाटे.

मग लोकसभेचे तिकीट आले — म्हणजे येणार होते. अट एकच होती. गावच्या गायरानावर सौरप्रकल्प येणार होता, आणि मेंढपाळांनी घेतलेली हरकत मागे घ्यायची होती. ते गायरान गेले तर पावसाळ्यात मेंढरे न्यायची कुठे? बिरूला हे ठाऊक होते. मलाही.

"लिवा तुमी, आन् वाचूनबी तुमीच दावा," तो म्हणाला. "माझ्यावर चार जण शंका काढतील, तुमच्यावर न्हाई काढायचे. आन् दिल्लीत माझी भाषणं कोण लिवणार? तुमीच की, राव!"

संसदेत माझे मराठी! एवढ्यावर मी — होय, एवढ्यावरच.

बाजारात हरकत घेणारे एकतीस जण माझ्याभोवती बसले. अर्जात तीन परिच्छेद होते. चराईचा आणि भरपाईचा मी वाचला. तिसरा हरकत मागे घेण्याचा. तेथे माझा घसा दाटला, असे लिहू का? दाटला नव्हता. मी शांतपणे पाणवठ्याची मागणी वाचली — जी कागदावर नव्हतीच. वाक्येही सुरेख सुचली. हिराबाई, बिरूची विधवा चुलती, मध्येच म्हणाल्या, "पान्याचं लई झ्याक लिवलंय बगा!" सगळे हसले. हिराबाईंचा अंगठा मी स्वतः धरून कागदावर टेकवला. त्याच्या वर माझ्याच अक्षरात होते — मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.

बिरू निवडून आला. गायरानाला तारेचे कुंपण पडले. त्याची भाषणे कोणी प्राध्यापक लिहितात, असे कळले. माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही.

वर्षभराने हिराबाई कचेरीबाहेर आल्या. प्रकल्पावरच्या साहेबाने त्यांना हरकत मागे घेतल्याच्या कागदावरचा त्यांचाच अंगठा दाखवला होता. निम्मी मेंढरे विकली गेली होती.

"बिरूनं फशिवलं म्हनत्यात. दिराचं पोर हाय माझ्या, म्या न्हाई मानत," त्या म्हणाल्या. "मागनं कुनीतरी कागद बदलला. तुमी वाचला तवा तर नीट व्हता. लिवा तक्रार."

तेव्हा तरी बोलायचे होते. समोर त्या एकट्या होत्या, दुसरे कोणी ऐकणारे नव्हते. मी काय केले? तक्रार लिहिली. 'अज्ञात इसमाने मूळ कागद बदलला' — असे लिहिले, आणि या खेपेस शब्द न् शब्द वाचून दाखवला. अज्ञात इसमाचा शोध लागत नसल्याने प्रकरण बंद केल्याचे उत्तर आले. तेही त्यांना मीच वाचून दाखवले.

उरलेली मेंढरेही गेली. हिराबाई आता घाटकोपरला एका बांधकामावर विटा वाहतात. गावाकडचा कोणी कागदाच्या कामात अडला की त्याला माझा पत्ता देतात — माणूस खात्रीचा आहे, म्हणून सांगतात. परवा असेच दोघे आले. मी त्यांना बाकावर बसवले आणि नावे विचारली.