नाझनीनचं ‘आज नाही झालं’

कुणाच्या हातात मोबाइल दिला की नाझनीन स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. समोरची बाई कुठलंही बटण दाबो, भलतीकडेच जावो, ही हात बाहेर काढायची नाही. “हात काढला की म्या मदत करणार,” ती म्हणायची, “अन् मदत केली की बाई कुठं अडली ते मला कसं कळणार?”

धाराशिवमधल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती आणि तिची अम्मी भाड्याने राहत. मूळच्या बेंबळीच्या. पुण्यातल्या एका कंपनीच्या ॲपची स्क्रीन कशी दिसावी, कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवणं नाझनीनचं काम. ॲप सवयींचं होतं. गोळी, चालणं, पाणी, जे रोज करायचं त्यापुढे खूण करायची. अम्मीला पुणं मानवलं नाही, म्हणून नाझनीनने इथून काम करायची परवानगी मागितली. कंपनीने अट घातली, ती तिने मला जिन्यातच सांगितली.

“काका, आपल्याकडची माणसं चार दिवसांत ॲप सोडतात. का सोडतात ते शोधायचं, अन् न सोडतील अशी स्क्रीन करून दाखवायची. न्हाय जमलं तर मला पुण्याला परत जावं लागंल. अन् अम्मी काय येत न्हाय.”

सुरुवात माझ्या बायकोपासून झाली. सुलभाला साखरेचा त्रास आहे. ती सकाळी उठल्याबरोबर सगळ्या खुणा करून टाकायची.

“काकू, दुपारची गोळी सकाळीच झाली?”

“अगं, तो लाल ठिपका दिसतो ना वर. काम अंगावर राहिल्यासारखं वाटतं. घेणारच आहे की मी.”

“मग काल घेतली का?”

सुलभा माझ्याकडे बघू लागली.

“काकांकडं काय बघताय? गोळी काय काका घेणारेत?” नाझनीन हसली. मग हळूच म्हणाली, “तुमचं न्हाय चुकत काकू, स्क्रीनचं चुकतंय.”

हे वाक्य ती प्रत्येकीला म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. आमच्या गल्लीत चौकशी केली तेव्हा निम्म्या बायका असंच सकाळी ‘भरून टाकत’ होत्या. त्यातच सुलभा येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेली आणि मुक्काम वाढला. परत येऊन ॲप उघडलं तर, रोजच्या खुणांत खंड पडला म्हणून, स्क्रीनवर तुटलेल्या साखळीचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, ‘तुमची साखळी तुटली.’

“देवीचं दर्शन घेऊन आलेय मी,” सुलभा भडकली, “आणि हे मेलं तुटलं म्हणतंय! शुभ बोल की जरा!” तिने ॲप काढूनच टाकलं. समोरच्या गोदाकाकूंनी ऐकलं आणि त्यांनीही काढून टाकलं.

नाझनीनला राग आला नाही. उलट तिचा चेहरा उजळला; बायका ॲप का सोडतात ते तिला सापडलं होतं. पुढच्या आठवड्यात तिने नवी स्क्रीन आणली. लाल ठिपका नाही, साखळी नाही. सारख्या आकाराची दोन बटणं, ‘झालं’ आणि ‘आज नाही झालं’. खंड पडला तर फक्त एवढंच, ‘या. आज काय करायचं?’

मी म्हणालो, “अगं, ‘नाही’चं बटण दिलंस तर लोक तेच दाबतील.”

“दाबू द्या की. न्हाय म्हणायलाबी तेवढीच जागा पायजे, काका. जागा नसली की माणूस खोटं बोलतंय, न्हायतर निघून जातंय.”

बायकांनी ॲप पुन्हा घेतलं. माझी नोकरी हिशेबाची, म्हणून महिन्याचे आकडे तिने मला तपासायला दिले. मी दोनदा बेरीज केली. ‘झालं’च्या खुणा एक तृतीयांशाने घटल्या होत्या, आणि कंपनी यश मोजायची ते खुणांवरच. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

“थोडं वाढवून सांग की,” सुलभा म्हणाली. “पुण्याहून कोण येतंय मोजायला?”

“मोजणारे हितंच बसलेत की काकू,” माझ्याकडे बोट दाखवून नाझनीन म्हणाली. “अन् हा घटलेला आकडाच म्या पयला सांगणार.”

वर नेट नीट मिळत नसे, म्हणून पुण्याच्या साहेबांबरोबरची मीटिंग आमच्या बैठकीत, लॅपटॉपवर झाली. दाराशी खुर्चीवर अम्मी, गॅलरीत गल्लीतल्या बायका. नाझनीनने खरंच घटीचा आकडा आधी सांगितला.

“मग याला यश कसं म्हणायचं?” साहेबांनी विचारलं.

“सर, आधीच्या खुणांमध्ये दुपारची गोळी पहाटे घेतली जात होती.”

पलीकडे कुणीतरी हसलं. नाझनीन थांबली नाही. जुन्या स्क्रीनवर एक दिवस चुकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी ॲप पुन्हा उघडलं नव्हतं. नव्या स्क्रीनवर चुकलेल्या सगळ्या परत आल्या होत्या. “एक सोडून. त्यांचा मोबाइल नातवानं हौदात टाकला.”

आकडे बरोबर होते. मी तपासले होते. साहेबांना वापरणाऱ्या एखाद्या बाईशी बोलायचं होतं. सुलभा पदर सावरत पुढे झाली.

“तुम्ही ‘नाही’ का दाबलंत?”

“घेतली नव्हती म्हणून.”

“मग?”

“मग काय? कुणी रागावलं नाही. उठले आणि घेतली.”

साहेब म्हणाले, “नाझनीन, सगळीकडे हीच स्क्रीन जाईल. आणि तू तिथेच राहा. इथली दोन माणसं तुझ्याकडे पाठवतो, काम कसं करतेस ते त्यांना दाखव.”

लॅपटॉप बंद झाला तशी सुलभा गॅलरीकडे वळून ओरडली, “आपली स्क्रीन पास झाली गं!”

“व्हायचीच होती,” गोदाकाकू म्हणाल्या. “दाबून दाबून बोटं कुणाची झिजली?” टाळ्या, हसणं, एकच कल्ला. नाझनीन मधोमध उभी राहून डोळे पुसत होती आणि हसत होती.

गलका जरा ओसरल्यावर अम्मींनी विचारलं, “म्हंजे आता पुण्याला जायाचं न्हाय?”

“न्हाय अम्मी. हितंच.”

“मग पुण्यात मैत्रिणीकडं ठेवलेला तुझा पलंग इकून टाक,” अम्मी म्हणाल्या. “आजच फोन लाव.”