त्रिनिदादचे रामसरन अंकल आणि माझ्या हातातला माइक

१९८६ चा गणपती. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या एका शाळेचं कॅफेटेरिया आमच्या मंडळाने शनिवार दुपारपुरतं घेतलं होतं, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. नवं लग्न, अमेरिकेत येऊन जेमतेम दीड वर्ष... उत्साह नुसता उतू जात होता.

त्या दिवशी मी स्टेजवर अशी काही माती खाल्ली की आजही आठवलं की कान गरम होतात.

आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये रामसरन अंकल आणि त्यांची मुलगी डॉली राहायचे. अंकल त्रिनिदादचे. त्यांचे पणजोबा बिहारकडून ऊसमळ्यात राबायला जहाजाने त्या बेटावर गेले आणि तिकडचेच झाले. चेहरा आपल्यातला, नाव आपल्यातलं, पण हिंदी चार शब्दांपलीकडे नाही.

अंकल पॅन वाजवायचे. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट करायचा, त्यात सूर बसवायचे आणि रबर लावलेल्या दोन काड्यांनी वाजवायचं... हे वाद्य त्यांच्या बेटावरच जन्मलं. शनिवारी दुपारी ते मागच्या फरशीवर, पॅटिओत, वाजवायला लागले की मी कणीक मळायची थांबायचे.

गाण्यांवरून बापलेकीचे खटके मात्र ठरलेले. अंकलना जुना, संथ कॅलिप्सो प्रिय. त्रिनिदाद स्वतंत्र झाला तेव्हाची, नव्या झेंड्याचं कौतुक करणारी, पुढाऱ्यांची टर उडवणारी ती गाणी. डॉली लावायची सोका. म्हणजे त्याच कॅलिप्सोला वेग आला, त्यात ढोलकीचा ठेका मिसळला आणि झालं नाचाचं गाणं.

"नुसत्या उड्या मारायची गाणी!" अंकल करवादायचे. "पण पपा, यात आपली ढोलकी आहे. तुमच्या कॅलिप्सोत कुठे होती?" असं डॉलीने विचारलं की अंकल एकदम गप्प.

ते गप्प का होतात हे तिनेच मला एकदा सांगितलं. तरुणपणी अंकल पॅन शिकायला लागले तेव्हा त्यांच्या वडिलांनी ते वाद्य नाल्यात फेकून दिलं होतं. पॅन काळ्या लोकांचं, आपण ढोलकीवर भजनं म्हणणारी माणसं, असं वडिलांचं म्हणणं. अंकल म्हणाले, मी या बेटावर जन्मलो, मग हे माझंही आहे... आणि त्यांनी घर सोडलं.

आता हे सगळं ठाऊक असलेल्या बाईने काय करावं? मी माइकवर म्हटलं, "आता आपलेच एक भारतीय बंधू, श्री. रामसरन, भजन वाजवणार आहेत!" पाहुण्यांना कळावं म्हणून वर तेच इंग्रजीतही सांगितलं.

आमच्या अध्यक्षकाकांनी सकाळीच बजावलं होतं, "अगं, गणपतीसमोर भजनच बरं दिसतं. आणि माणूस आपला इंडियनच आहे ना, यार!" मला नाही म्हणायचं धाडस झालं नाही. अंकलना वाजवायला मीच बोलावलं होतं, पण भजन चालेल का हे विचारलंही नव्हतं.

टाळ्या पडल्या. अंकल पॅनसमोर उभे, काड्या हातात... आणि हात हलेचनात. काका मला खुणा करायला लागले. डॉली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू त्रिनिदाद म्हणेपर्यंत ते वाजवणार नाहीत."

अंकल रागावले नव्हते, दुखावले होते. साठी उलटलेला माणूस माझ्याकडे बघत उभा होता. ज्या गोष्टीसाठी त्यांनी बापाचं घर सोडलं, तीच मी भर कार्यक्रमात पुसून टाकली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकांकडे न बघता मी पुन्हा माइक धरला. म्हटलं, "सॉरी, चूक माझी आहे. मिस्टर रामसरन त्रिनिदादचे आहेत, आणि ते त्यांच्या देशाचं गाणं वाजवतील."

अंकलनी डोक्यावरची टोपी काढली. गणपतीला हात जोडले आणि झेंड्याचा तो कॅलिप्सो सुरू केला. सुंदर, पण फारच संथ... दुसऱ्या कडव्यालाच पोरांची चुळबुळ सुरू झाली.

डॉलीने सरळ आरतीची ढोलकी ओढून घेतली आणि ठेका चढवला. अंकलनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे थांबणार. पण नाही... त्यांनी तिचा ठेका पकडला आणि सुसाट निघाले. गाणं तेच, देश तोच, फक्त आता त्यात ढोलकीही होती.

पोरं बेभान नाचली. अध्यक्षकाकासुद्धा मान डोलवत होते. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते, सांगायला लाज कसली!

पुढच्या शनिवारी अंकल वर आमच्याकडे आले. चहा घेता घेता म्हणाले, "आता तू सांग, तू कुठली?" मी नेहमीसारखं "इंडिया" म्हटलं. ते हसले. "तो फार मोठा आहे गं. तुझं बेट कुठलं?"

मी म्हटलं, "आर्वी... वर्ध्याजवळ." अमेरिकेत हे नाव मी पहिल्यांदाच कुणापाशी घेत होते. मंडळात सगळ्यांचा भोंडला असायचा, मीही मुकाट्याने फेर धरायचे. आमच्याकडे विदर्भात भुलाबाई असते, तिची गाणी वेगळी असतात, हे मी कधी बोललेच नव्हते.

त्या दिवशी बोलले. अंकलनी भुलाबाईचं एक गाणं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि खाली गेले. थोड्या वेळाने पॅटिओतून भुलाबाई ऐकू यायला लागली... चाचपडत, अडखळत. मी खिडकीतून वाकून ओरडत होते, "नाही अंकल, अजून थोडा खालचा सूर!"

अंकल जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुणी मला कुठली म्हणून विचारलं की मी आधी आर्वीच सांगते... थँक यू, अंकल.