येतानाचा शर्ट

दिवाकर भोयर नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड दुकानासाठी गावोगाव फिरायचे आणि दर खेपेला काहीतरी घरीच विसरायचे. म्हणून त्यांच्या बायकोने, कामिनीने, याद्या लिहून लॅमिनेट करून घेतल्या. एक फिरतीची, एक लग्नाची, एक उमरेडला भावाकडे जायची. बॅग भरताना स्केचपेनने खुणा करायच्या, परतल्यावर ओल्या फडक्याने पुसायच्या. वीस वर्षं त्याच याद्या चालल्या.

मग दिवाकररावांना यकृताचा कर्करोग निघाला आणि चौथी यादी झाली, दवाखान्याची. दोन वर्षं तेवढीच वापरात होती. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा."

घरी आल्यावर दिवाकरराव म्हणाले, "उमरेडची यादी काढ वं. मले भावाकडे जायचं आहे."

कामिनी बॅग उघडून खाटेशी बसली आणि एकेक वाचू लागली.

"दाढीचं सामान?"

"काय करू त्याचं?"

"चपला?"

"मी कुठं चालून राहिलो आता."

चादर आणि औषधांचं तिने विचारलं नाही, ती नुसतीच ठेवली. पुढची ओळही तिच्याच अक्षरातली होती.

"येतानाचा शर्ट?"

दिवाकररावांनी भिंतीकडे तोंड केलं. कामिनीने काढून ठेवलेल्या इस्त्रीच्या शर्टाची घडी नीट केली. मग तिने तो कपाटात परत ठेवला.

सकाळी शेजाऱ्यांनी त्यांना उचलून गाडीत निजवलं. नवव्या दिवशी उमरेडलाच, भावाच्या घरी, ते वारले. कामिनी एसटीने एकटीच नागपूरला आली.