कावळ्याचे वडील

चष्मा कपाळावर चढवून मास्तर विचारायचे, "नावाची व्युत्पत्ती काय?" व्युत्पत्ती नसेल तर त्यांच्या मते पोर अजून जन्मलंच नव्हतं.

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. सोलापुरात आमच्या गल्लीत कुणालाही मुलगा झाला की हे संस्कृतचे मास्तर न बोलावता हजर होत. त्यांना पक्ष्यांच्या नावांचं वेड होतं. मात्र पक्षी पोथीतला हवा. आमच्या घरी राघू ठरलं होतं. पिंजऱ्यातल्या पोपटाचं नाव माणसाला शोभत नाही, असं अर्धा तास समजावून त्यांनी शुक ठेवायला लावलं. म्हणजे पोपटच, पण संस्कृत. समोरच्या तेलुगू विणकराच्या मुलाला चक्रवाक मिळालं. तो बिचारा म्हणाला, "मास्तर, हाक मारून हुईपर्यंत पोरगं स्टेशनात पोचतंय की."

मास्तरांचे स्वतःचे दोन मुलगे, वैनतेय आणि राजहंस, वर्षाच्या आतच गेले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, असल्या भारी नावांना दृष्ट लागणारच, दगडू-धोंडू ठेवलं तर यमही ढुंकून पाहत नाही. मास्तरांनी त्यांना अडाणी ठरवलं. मीही त्यांच्या बाजूनं शहाण्यासारखा हसलो.

तिसऱ्याच्या बारशाला आम्ही सगळे नवा पक्षी ऐकायला जमलो. करमाळ्याहून आलेल्या आत्याबाई पाळण्यावर वाकल्या, कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कावळ्या." बाईंनी परस्पर कारभार केला असं मला वाटलं. पण मास्तर खाली मान घालून घुगऱ्या वाटत होते. मला कुठलं गप्प बसवतंय? मी व्युत्पत्ती विचारली.

"ती राहू द्या," ते म्हणाले. "हा राहिला म्हणजे झालं."

त्यानंतर मी त्यांची थट्टा सोडली असं लिहायला आवडलं असतं. सोडली नाही. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की मास्तर दारात उभे राहून "कावळ्या" अशी हाक मारत, आणि मी ओट्यावरून काव काव करी. पण खरं सांगतो, इतक्या मायेनं मी आमच्या शुकाला कधी हाक मारली नाही.

मास्तर गेले तेव्हा कावळ्या चौदा वर्षांचा होता. वहिनींनी मला पुस्तकं लावायला बोलावलं. शब्दकोशात बारशाच्या दिवशीची चिठ्ठी निघाली. 'सुपर्ण. सु म्हणजे सुंदर, पर्ण म्हणजे पंख. गरुडाचे वेदातले नाव.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चिरंजीवांचे खरे नाव. सोळावे सरल्यावर सांगणे. तोवर उच्चारू नये.'

काय सापडलं, काका, असं विचारत कावळ्या आत आला.

काही नाही म्हणालो आणि चिठ्ठी खिशात घातली. अजून दोन वर्षं काढायची होती.