खिशातला फ्यूज

चंद्रपूरच्या टीव्ही मनोऱ्यावर चढायच्या आधी जलालुद्दीनभाऊ प्रक्षेपण बंद करायला लावायचे आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचे. ही सवय लागण्याआधी एकदा ते वर असताना खालच्या खोलीतून मीच गाढवासारखं प्रक्षेपणाचं बटण दाबलं होतं. अँटेनाला लागलेला त्यांचा तळहात भाजला. तेव्हापासून आम्हा कुणावर त्यांचा भरवसा नव्हता.

रविवारी मालिका बंद पडली की लोक अंगणात येऊन, मनोऱ्याकडे बघत त्यांना शिव्या घालायचे. भाऊ वरून हात हलवायचे.

बायको हाजरा वारली, त्यानंतर काम संपलं तरी ते वरच बसून राहू लागले. एकदा उतरल्यावर मी चिडून विचारलं, "काऊन एवढा वेळ?"

"फ्यूज लावला का सारे घरात जातेत," ते म्हणाले. "मंग माह्याकडं कोन पाहते?"