ट्रॅक्टरचा रिव्हर्स हळू का होता

मंडळी, आज दुपारी घडलेलं सांगते.

चाकणच्या एका कंपनीतली हिरवळ कापायचं काम आमच्याकडे आहे. गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर चालवायला ह्यांनीच मला शिकवलं. हे गेल्यापासून एकटीच चालवते. तो मागे घेताना फार हळू सरकतो आणि झाडांभोवती मागेपुढे करण्यातच दिवस जातो. ह्यांना मी किती बोलायचे, "एवढा रिव्हर्स नीट करता येत नाही तुम्हाला?" हे नुसते हसायचे.

आज देहूरोडच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी वाकून रिव्हर्सच्या पेडलखालचा एक बोल्ट दाखवला.

"वहिनी, बिघाड नाही हा. पेडल पूर्ण दबू नये म्हणून दादांनीच माझ्याकडून बसवून घेतलाय. म्हणाले, ही मागे न बघताच दाबते, कुठेतरी आदळेल. आणि तिला सांगू नकोस, भांडेल माझ्याशी."

मला हसू आलं आणि हसताहसताच रडू फुटलं.

"राहू दे का तसाच?" मिस्त्रींनी विचारलं.

"काढा. आता मी मागे बघते."

ट्रॅक्टर आता झटकन मागे येतो. काम लवकर उरकेल. पण ह्यांना इतकी वर्षं उगाच बोलले, त्याचं काय करू? गेलेल्या माणसाची माफी तुम्ही कधी मागितलीत का? कशी मागितलीत?