साचेवाल्यांची बटणं

साचेवाल्यांनी माउस हातात धरला की मला त्यांच्या हाताचा राग यायचा. जाड बोटं, अंगठ्यावर जुना व्रण, आणि तरी पडद्यावरचा बाण असा अलगद फिरायचा, जणू कापडाचा पोत बघतायत. मी दादरचा, इंजिनीयर, कॉलेजात पहिला आलेला. ते नववी पास, लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे विणकर; नावही त्यावरूनच पडलेलं. संपानंतर गिरणीचं दार त्यांच्यासाठी उघडलंच नाही. मग भोईवाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिपाई म्हणून लागले आणि मुलांच्या मागे उभं राहून प्रोग्रामिंग शिकले. ही गोष्ट ऑफिसात कुणी कौतुकाने सांगायला लागलं की मी पाणी प्यायला उठायचो.

आमचं ऑफिस लालबागलाच, मसाला कांडपाच्या वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात खाली मिरच्या कुटायला लागल्या की वर आम्ही शिंकत शिंकत कोड लिहायचो. साचेवाले तेवढे शिंकत नसत. "कापसाची धूळ खाल्लेलं नाक आहे हे, झिला," म्हणायचे. मला त्या नाकाचाही हेवा वाटायचा.

त्या वर्षी औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी आम्ही प्रोग्राम करत होतो. वरच्या पट्टीत सपाट बटणं. बाण वर आला की बटण जरा उचललं जावं, गेला की खाली बसावं. बाण आला हे प्रोग्रामला कळायचं. गेला हे कळवायची सोय आम्ही वापरत होतो त्या भाषेत नव्हती. त्यामुळे बाण झटकन बाहेर नेला की माझी बटणं उचललेलीच राहायची. आठ दिवस डोकं फोडलं. साचेवाल्यांची बटणं मात्र शहाण्यासारखी खाली बसायची.

शेवटी न राहवून विचारलं, "भाऊ, कसं केलंत?"

"चार साचे सांभाळायचो मी. धागा तुटला तर तो हाक मारत नाय रे. आपणच फेरी मारायची."

त्यांनी टायमर लावला होता. बाण अजून बटणावरच आहे का, हे तो सेकंदाला दहा वेळा बघून यायचा. इतकं साधं! ते मला सुचलं नाही म्हणून मी आतून जळत राहिलो.

व्यापाऱ्याला प्रोग्राम आवडला तर पुढच्या कामाचे प्रमुख साचेवाले, असं साहेबांनी जाहीर केलं. प्रमुख मला व्हायचं होतं. दाखवायच्या दिवशी सकाळी ते चहाला खाली उतरले, तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन टायमर सुरू करणारी ती एक ओळ पुसली आणि प्रोग्राम पुन्हा तयार करून ठेवला.

व्यापाऱ्याने बाण पट्टीवरून फिरवला. एकेक करत सगळी बटणं उचलली गेली, ती तशीच राहिली. "हे काय, सगळी उभीच?" तो हसला. साहेब हसले नाहीत. साचेवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग क्षणभर माझ्याकडे.

"माझी चूक, साहेब," ते म्हणाले.

प्रमुख मी झालो.

त्याच संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "ओळ परत घातलीय," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मी पडद्याकडे बघत राहिलो. त्यानंतर ते सहा महिने होते आणि घरी जाताना रोज माझ्या टेबलाशी थांबायचे. "बरा आहेस ना रे?" मी "हो" म्हणायचो. नोकरी सोडून कायमचे गावाला निघाले त्या दिवशीही थांबले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मी "हो"च म्हटलं.

आता ती सोय भाषेतच आली आहे, बटणं आपोआप खाली बसतात. तरी नवा प्रोग्राम उघडला की मी बाण झटकन बाहेर नेऊन बघतो. साचेवाले आठवतात. खोटं कशाला बोलू, आधी हेवाच वाटतो; दुसऱ्याची चूक आपली म्हणताना त्यांचा आवाज हलला नव्हता, त्याचा. लाज त्यानंतर येते. सहा महिने ते रोज फेरी मारत होते, आणि मी एकदाही हाक मारली नाही.